नोकरीनंतरचे प्रकरण

१

मागील वर्षी तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात मी दलित आत्मकथन हा घटक शिकवीत होतो. 'बलुतं', 'आठवणींचे पक्षी', 'अक्करमाशी' यांची चर्चा झाली होती. गाव, गावकुसाबाहेरची वस्ती, भूक, शाळा, वसतिगृह, शहर आणि शेवटी नोकरी असा एक प्रवास मी फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखविला. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. ती सकाळी कॉलेजात येते आणि दुपारच्या पाळीला अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. कामावर तिला कंपनीने ठेवलेले नाही, ठेकेदाराने ठेवले आहे. ती म्हणाली, "सर, यांना नोकरी लागली म्हणून मागं वळून बघता आलं. आम्हाला ती लागणारच नाही. मग आम्ही कुठं उभं राहून लिहायचं?"

मी म्हणालो की लेखनाला नोकरी लागत नाही, अनुभव लागतो. वर्ग सुटला. उत्तर खोटे होते हे मला जिना उतरतानाच कळले. कारण मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतो. दर वर्षी मुलाखत होते, दर वर्षी नवी नेमणूक होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घर कशावर चालवायचे हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ज्या वर्गात मी 'नोकरी' हा शब्द प्रवासाचा शेवट म्हणून लिहिला, त्या वर्गात तो शब्द शिकवणाराकडेही नव्हता आणि शिकणाऱ्यांकडेही नव्हता.

हा लेख त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. दलित साहित्याने शहरातील कामगाराचे जे चित्र उभे केले त्याचे मोल मला मान्य आहे. पण ज्या जमिनीवर ते चित्र उभे होते ती जमीन आमच्या भागात सरकली आहे, आणि आपले साहित्य व आपली समीक्षा अजून जुन्याच जागी उभी आहे, असे माझे म्हणणे आहे.

२

अंबरनाथचे नाव काढले की सुशिक्षित माणूस प्रथम शिवमंदिराविषयी बोलतो. तेथे शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे, ते शिलाहारांच्या काळातील काम आहे, हे सारे खरे. परंतु मंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीचे पाणी ज्याने पाहिले आहे त्याला या गावाचा अलीकडचा इतिहासही वाचता येतो. तो इतिहास कारखान्यांचा आहे.

रेल्वे होती, पाणी होते, मुंबई जवळ होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना आणि आगकाड्यांचा विम्को येथे उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याला नॅशनल रेयॉन. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणले गेले आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या बराकीत घराघरांतून छोटे उद्योग सुरू झाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरच्या माळावर भूखंड पडले. बदलापूर त्या वेळी भातशेतीचे गाव होते.

माणसे कोठून आली? कोकणातून, साताऱ्याकडून, खानदेशातून, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मोठ्या संख्येने मराठवाड्यातून. माझे वडील त्यांपैकीच एक. बीड जिल्ह्यातून मिसरूड फुटण्याआधी ते आले. आधी ठेकेदाराकडे पोती उचलली, नंतर एका रसायन कारखान्यात कायम झाले. कायम झाल्याचे पत्र मिळाले त्या दिवशी त्यांनी बुवापाड्याच्या आमच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर चौकट घालून लावली. आई सांगते, लग्नात नव्हता एवढा आनंद त्या दिवशी होता.

कारखान्यात जात नव्हती असे मात्र कोणी समजू नये. आमचे लोक बहुतेक ठिकाणी जिथे वाफ, धूळ आणि आम्ल होते त्या खात्यांत होते. हिशेबाच्या खोलीत आणि प्रयोगशाळेत ते क्वचित दिसत. दुपारी डबे उघडले की गट पडत. युनियनचा झेंडा सर्वांचा एक होता, डब्यांचे गट वेगळे होते. तरीही मस्टरवर नाव होते. दहा तारखेला पगार होता. ईएसआयचा दवाखाना होता. सावकार दारात आला तर "दहा तारखेला ये" असे त्याला ताठ मानेने सांगता येत होते. ज्याच्या बापाला पाटलाच्या वाड्यासमोर खाली बघून उभे राहावे लागले, त्याला ती ताठ मान किती मोठी वाटली असेल याचा विचार करावा.

ऑर्डनन्ससारख्या सरकारी कारखान्यांचे महत्त्व आणखी वेगळे होते. तेथे राखीव जागा होत्या. खाजगी कारखान्यात आमचा माणूस श्रमिक म्हणून घेतला जाई, सरकारी कारखान्यात तो कधी कधी कारागीर, फोरमन, कारकून म्हणूनही जाऊ शके. आमच्या वस्तीतली पहिली स्कूटर, पहिला दूरदर्शन संच आणि पहिली इंजिनियर मुलगी ऑर्डनन्सवाल्यांच्याच घरात आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. वृत्तपत्रांनी ती संरक्षण खात्याची बातमी म्हणून छापली. आमच्या वस्तीने ती राखीव जागांची बातमी म्हणून वाचली. दोन्ही वाचने बरोबर होती.

३

मग कारखाने गेले, असे म्हणण्याची पद्धत आहे. 'औद्योगिकोत्तर शहर' असा शब्दही आता सेमिनारांतून ऐकू येतो. तो शब्द बाहेरून आला आहे आणि आमच्या अंगाला तो बसत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे उदाहरण देतात. मोटारींचे कारखाने हलले आणि १९५० साली जवळजवळ साडेअठरा लाख असलेली त्या शहराची वस्ती २०१० साली सव्वासात लाखांच्याही खाली आली. तेथे कारखान्यामागून माणसेही गेली. आमच्याकडे नेमके उलट घडले.

जनगणनेचे आकडे पाहावेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे जुन्या गिरण्यांच्या मुंबईची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत कुळगाव-बदलापूर ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेले. अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर गेले. उल्हासनगर पावणेपाच लाखांच्या आसपास होते, ते पाच लाखांच्या थोडे पुढे सरकले. म्हणजे बदलापूर पाऊणपटीहून अधिक वाढले, अंबरनाथ पाव हिश्शाने, आणि उल्हासनगर जवळजवळ भरून थांबले. २०२१ ची जनगणना झाली नाही, तेव्हा त्यानंतरचे मोजमाप रोज सकाळी बदलापूरच्या फलाटावर आपल्या डोळ्यांनीच करावे लागते.

या आकड्यांचा अर्थ असा की येथे धूर कमी झाला आणि माणसे वाढली. कारखान्याच्या जमिनीवर इमारती आल्या. मुंबईत ज्याला घर परवडेना तो कल्याणच्या पुढे आला, आणि ज्याला कल्याण परवडेना तो बदलापूरला आला. पण औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर आजही सकाळी सातला गर्दी असते. काम गेलेले नाही. मस्टर गेले आहे. माझ्या वडिलांच्या वेळी फाटकाच्या आत नाव होते. आज फाटकावर ठेकेदाराचा मुकादम उभा असतो आणि नाव त्याच्या वहीत असते. ती वही कधीही बदलता येते. म्हणून मी 'उद्योगानंतरचे शहर' असे म्हणत नाही. 'मस्टरनंतरचे शहर' असे म्हणतो.

हे आपोआप घडलेले नाही. १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात असे कलम आले की ठराविक संख्येहून अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायला किंवा तेथे कामगारकपात करायला सरकारची परवानगी लागेल. ती संख्या प्रथम ३०० होती, पुढे १०० झाली. मग मालकांनी कारखाना 'बंद' करणे सोडून दिले. स्वेच्छानिवृत्ती आली, टाळेबंदी आली, एका कारखान्याचे पाच छोटे कारखाने आले, कामाचे तुकडे करून ते बाहेर देणे आले, वीज आणि जमीन स्वस्त मिळेल तेथे यंत्रे हलविणे आले. मोहोन्याच्या नॅशनल रेयॉनचे दरवाजे २००९ साली बंद झाले आणि कामगारांच्या देण्यांचा झगडा पुढे वर्षानुवर्षे चालला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती १०० ची मर्यादा पुन्हा ३०० वर नेली आहे. ज्या छोट्या छोट्या कारखान्यांत आज आमची पोरे राबतात त्यांतले बहुतेक या मर्यादेच्या खाली आहेत.

माझ्या वडिलांचा कारखाना २००२ साली थांबला. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर त्यांनी सही केली. त्यात 'स्वेच्छा' किती होती हे विचारले तर ते हसतात. मिळालेल्या पैशात बहिणीचे लग्न झाले आणि माझी अकरावी-बारावी झाली. १९९५ साली सुरू झालेल्या कामगार पेन्शन योजनेचे त्यांना दरमहा हजार रुपयांहून थोडे अधिक मिळतात. २०१४ साली सरकारने किमान पेन्शन हजार रुपये ठरविली. निवृत्त कामगार साडेसात हजारांची मागणी करीत आले आहेत. हजार रुपयांत वडिलांच्या दम्याची महिन्याची औषधे येत नाहीत. दमा हीही त्या कारखान्याचीच पेन्शन आहे, असे आई म्हणते.

येथे लोकसंख्येचा दुसरा धागा येऊन मिळतो. २०११ च्या गणनेत महाराष्ट्रातील साठीच्या पुढचे लोक शेकडा ९.९ होते, देशात ते ८.६ होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील दर स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या १.७ आली. म्हणजे आमच्या घरांतूनही पाच-सहा भावंडांचा काळ संपला. एक किंवा दोन मुले, आणि त्यांच्या खांद्यावर दोन म्हातारी माणसे. बापाची कायम नोकरी गेली तेव्हा मुले शिकत होती. आता मुले कमवतात तेव्हा बाप आजारी आहे आणि मुलाची नोकरी अकरा महिन्यांची आहे. पाश्चात्त्य देश आधी श्रीमंत झाले आणि मग म्हातारे झाले असे म्हणतात. आमची वस्ती म्हातारी होते आहे, श्रीमंत व्हायचे मात्र राहूनच गेले.

४

आता साहित्याकडे वळतो.

मराठी कवितेत कामगार माणूस म्हणून उभा राहिला तो नारायण सुर्व्यांमुळे. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ सालचा. पुढच्याच वर्षी बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आले आणि त्यांनी दाखविले की कामगार म्हटल्याने जात पुसली जात नाही. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने सांगितले की या शहरात कामगाराच्याही खाली एक जग आहे, त्याला युनियन नाही आणि मस्टरही नाही. हे तिघे एका ओळीत ठेवले तर मुंबईच्या श्रमाचा तळापर्यंतचा छेद मिळतो. असा छेद मराठीतील प्रस्थापित साहित्याने कधी घेतला नव्हता.

त्यानंतर गिरण्या बंद पडल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येने परत कामावर गेले नाहीत. या पडझडीचे साहित्य मराठीत उशिरा पण समर्थपणे आले. जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह यांचा मान मोठा आहे. 'अधांतर'मधील घर पाहताना मला आमचे घर दिसले, हे मी मोकळेपणाने सांगतो.

परंतु त्यानंतर गिरणगावाविषयी जे लिहिले, बोलले आणि दाखविले गेले, त्यात हळूहळू एक हळहळ शिरली. चाळ, भजनीमंडळ, दहीहंडी, खानावळ, भोंगा. सारे कसे एक होते आणि आता मॉल झाले! ही हळहळ कोणाची आहे, असा प्रश्न दलित समीक्षेने विचारला पाहिजे. गिरणीच्या विणकाम खात्यात, म्हणजे साच्यांवर, पगार चांगला होता. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात येऊ दिले जात नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले. ज्या गिरणगावात आपल्याला साच्याला हात लावू दिला नाही, त्या गिरणगावाचा शोक आपण कोणत्या शब्दांत करायचा? संपूर्ण शोक आपला नाही. त्यातला अर्धा आपला आहे. तो अर्धा वेगळा काढून लिहिण्याचे काम झालेले नाही.

हे झाले इतरांविषयी. आता आपल्या घरात पाहू.

दलित आत्मकथनाने मराठी वाङ्मयाला हादरा दिला, हे पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही. परंतु या आत्मकथनांच्या रचनेत एक गोष्ट इतकी गृहीत आहे की ती आपल्याला दिसत नाही. तिच्या पायाखाली एक कायम नोकरी आहे. रेल्वे, पोस्ट, शाळा, बँक, टेलिफोन, सरकारी कचेरी. ही आत्मकथने यशोगाथा आहेत असे मी म्हणत नाही. 'बलुतं' वाचून कोणी यशाच्या आनंदात पुस्तक मिटत नाही. मी इतकेच म्हणतो की ज्या टेबलावर ते अपमान लिहिले गेले ते टेबल पगाराचे होते. त्या नोकरीने लेखकाला तीन गोष्टी दिल्या. संध्याकाळचा वेळ दिला. मागे राहिलेल्या गावाकडे पाहण्यापुरते अंतर दिले. आणि लिहिल्याबद्दल कोणी उद्या कामावरून काढणार नाही एवढा धीर दिला. आजच्या ठेकेदारी पोराकडे वेळ नाही, अंतर नाही, आणि तो धीरही नाही. मोबाईलवर चार ओळी लिहिल्या म्हणून फाटकावरून परत पाठवलेली मुले मला माहीत आहेत.

साहित्यच नव्हे, आपली चळवळही याच पायावर उभी होती. विहाराची वर्गणी, जयंतीची वर्गणी, वसतिगृहातल्या पोराची फी, आणि असल्या त्रैमासिकांची वर्गणी ही कोणाच्या खिशातून आली? महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या ऑर्डनन्सवाल्याच्या, रेल्वेवाल्याच्या, शिक्षकाच्या खिशातून. आपल्या वर्गणीदारांच्या वयाची सरासरी संपादकांनी एकदा काढून पाहावी. माझ्या माहितीतले बहुतेक वर्गणीदार निवृत्त आहेत. एखादा गेला की त्याचा मुलगा अंक परत पाठवतो. त्याला वाचायचे नसते असे नाही. त्याचा पत्ताच दर अकरा महिन्यांनी बदलतो.

५

पत्त्याची गोष्ट निघाली म्हणून घराविषयी लिहितो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही बदलापूरला भाड्याने घर शोधत होतो. एजंटाने फोनवर सारे जुळवले. मग म्हणाला, "सर, पूर्ण नाव सांगा ना." मी नाव सांगितले. आडनावावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मालकांना विचारून कळवतो." कळवले नाही. दुसऱ्या इमारतीत हाच प्रकार 'शाकाहारी कुटुंब हवे' या शब्दांत झाला. बागुलांच्या कथेतील तरुणाने जात चोरली तेव्हा १९६३ साल होते. आज जात चोरायला आडनाव चोरावे लागते, आणि आडनाव आधार कार्डावर आहे. बागुलांची कथा जुनी झाली असे जे समीक्षक म्हणतात त्यांनी खोली भाड्याने शोधून पाहावी.

दुसऱ्या बाजूने आपलाही दोष सांगितला पाहिजे. ज्यांना सत्तर-ऐंशीच्या दशकांत नोकऱ्या लागल्या ते वस्तीतून बाहेर पडले. त्यात गैर काही नाही, माणसाने चांगल्या घरात राहावे. पण १४ एप्रिलला निळा फेटा बांधून वस्तीत यायचे, भाषण करायचे आणि शेवटच्या लोकलने परत जायचे, एवढेच नाते उरले. दलित मध्यमवर्ग हा शब्द आपण एकमेकांना शिवीसारखा वापरतो. मला तो तसा वापरायचा नाही, कारण त्या वर्गात जाण्यासाठी मी स्वतः दर वर्षी मुलाखतीच्या रांगेत उभा असतो. माझी तक्रार एवढीच की त्या वर्गाने लिहिलेल्या साहित्यात वस्ती ही मागे सोडलेली जागा म्हणून येते. वस्ती मात्र कोठे गेलेली नाही. तिच्यात आज चार भिंतींत तीन पिढ्या राहतात. म्हातारा खोकतो आहे, मुलगा रात्रपाळीहून येऊन झोपला आहे, सून उल्हासनगरहून आलेल्या जीन्सचे धागे नगावर कापते आहे आणि नात परीक्षेचा अभ्यास करते आहे. या खोलीचे आत्मकथन कोणाकडे आहे?

एक विचित्र योगायोग पाहा. गिरणी कामगारांना गिरण्यांच्या जमिनीवर घरे मिळावीत यासाठी वर्षानुवर्षे लढा झाला आणि काही हजारांना सोडतीत घरे मिळाली. उरलेल्यांसाठी २०२४ साली सरकारने शेलू आणि वांगणी ही ठिकाणे पुढे केली. दोन्ही बदलापूरच्या पुढे. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि घर मुंबईतच द्या म्हणाले. म्हणजे गिरणगावाचा शेवटचा अध्यायही आमच्याच रेल्वेमार्गावर लिहिला जाऊ पाहतो आहे. लालबागची हळहळ ज्यांना लिहायची आहे त्यांनी कर्जतची गाडी पकडावी.

६

यावर एक आक्षेप येईल. साहित्य म्हणजे जनगणनेचा तक्ता नव्हे, कारखाना बंद झाला की कादंबरी यावी असा काही नियम नाही. आक्षेप मान्य. मी लेखकाकडून तक्ता मागत नाही. पण दलित साहित्याने स्वतःच एक कसोटी सांगितली होती की आम्ही जगतो ते लिहितो. त्या कसोटीवर आज पाहिले तर आपण वडील जगले ते लिहितो आहोत. गावकुसाबाहेरची विहीर खरी होती आणि आजही कित्येक गावांत खरी आहे. परंतु माझ्या वर्गातील मुलांनी ती विहीर पाहिलेली नाही. त्यांनी मुकादमाची वही पाहिली आहे. मी त्यांना विहिरीवर निबंध लिहायला लावतो आणि ते पाठ करून लिहितात. पाठ करून लिहिलेला विद्रोह वाचण्याची शिक्षा परीक्षक म्हणून मी दर वर्षी भोगतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. तो माझ्या वडिलांचा. हा लेख लिहीत असताना त्यांनी विचारले, "काय लिहितोस?" मी म्हणालो, "तुमच्या कारखान्याविषयी, दादा." ते म्हणाले, "त्यात काय लिहायचं? आठ तास काम केलं, घरी आलो. लिहायचं तर गावाकडचं लिही. तिथं माणसाला माणूस म्हणत नव्हते." त्यांच्या दृष्टीने गावातला अपमान ही कथा आहे आणि कारखान्यातली तीस वर्षे ही केवळ नोकरी आहे. मी विचारले, "आणि आता?" ते म्हणाले, "आता काय, बसून आहे."

या 'बसून आहे'मध्ये नव्या साहित्याचे बीज आहे असे मला वाटते. अपमान झाला की आपल्याला लिहिता येते, कारण अपमान करणारा समोर असतो. पाटील असतो, मास्तर असतो, घरमालक असतो. हजार रुपयांच्या पेन्शनला तोंड नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर मालकाचा चेहरा नाही. ठेकेदाराच्या मागे दुसरा ठेकेदार आहे आणि त्याच्या मागे कंपनी आहे. पूर्वी शत्रू ओळखायला जात पुरत असे. आता जात आणि कंत्राट एकमेकांच्या आड उभे आहेत. गटारात आणि आम्लाच्या टाकीत आजही कोण उतरवले जाते हे पाहिले की दोन्ही शत्रू एकाच वेळी दिसतात. बाबासाहेबांनी मनमाडला दोन शत्रूंची नावे एका दमात घेतली ती उगीच नव्हे. आपण मात्र गेली चाळीस-पन्नास वर्षे त्यातल्या एकावर कविता लिहिली आणि दुसऱ्यावर ठराव केले.

७

मग काय करावे? उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मी माझ्या वर्गापुरते जे केले तेवढे सांगतो.

यंदा दलित आत्मकथनाचा घटक संपल्यावर मी प्रश्नांची उत्तरे लिहायला लावली नाहीत. प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून त्याच्या कामाची पूर्ण हकिकत लिहून आणायची, असे सांगितले. कोणत्या खात्यात होता, हातात काय असे, कशाचा वास येई, डबा कोणाबरोबर खाल्ला, किती पगारावर लागला, कितीवर सुटला, शेवटच्या दिवशी फाटकाबाहेर येताना काय बरोबर आणले. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूने स्वतःच्या कामाची हकिकत. शब्दांची सक्ती नाही, प्रमाणभाषेची सक्ती नाही.

वह्या आल्या. त्या साहित्य आहेत का, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांत पाठ केलेले एकही वाक्य नव्हते. एकाच्या आजोबांनी कारखान्यातून शेवटच्या दिवशी जस्ताचा मग आणला होता, तो अजून घरात पाणी प्यायला आहे. एकीच्या आजीने आयुष्यभर घरी बसून नगावर काम केले आणि "मी कुठं कामाला होते?" असे नातीलाच विचारले. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थिनीचे शिक्षण पूर्ण झाले आहे, ती अजून पॅकिंगलाच जाते. मी तिला निरोप पाठवला तेव्हा तिनेही वही आणून दिली. पहिल्या पानावर तिच्या ठेकेदारांची यादी आहे. चार वर्षांत सहा नावे. त्याखाली तिने लिहिले आहे की कंपनी तीच, यंत्र तेच, स्टूलही तेच, फक्त मी सहा वेळा नवी लागले.

जाहीर झाल्याप्रमाणे पुढची जनगणना २०२७ साली होईल आणि तीत जातही नोंदली जाईल. नोंदणी करणारा आमच्या दारात येईल. तो माझ्या वडिलांची जात लिहील आणि कामाच्या रकान्यात 'काम न करणारा' असे लिहील. दोन्ही नोंदी नियमाप्रमाणे बरोबर असतील. त्या दोन रकान्यांच्या मध्ये तीस वर्षांचे आम्ल, दमा, दहा तारखेचा पगार आणि चौकट घातलेली तसबीर आहे. ते लिहायला सरकारचा माणूस येणार नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल, आणि कायम नोकरी लागण्याची वाट न पाहता लिहावे लागेल. त्या मुलीला मी वर्गात हे सांगायला हवे होते.